गोल करणाऱ्याचा पगार, गोल अडवणाऱ्याचा पगार

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर बोलणारे आले, आयकरावर बोलणारे आले, मधुमेहावर तर दर दोन वर्षांनी कोणी ना कोणी येतंच. फुटबॉलवर बहुधा कोणी बोललेलं नाही. आम्ही काही खेळाडू नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि तिथेच आहोत. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आम्हांला पगारपत्रक वाचायची सवय आहे. आपल्या घरांतली मुलं रात्री-बेरात्री टीव्हीपुढे बसून परदेशी सामने पाहतात, तेव्हा आम्हीही शेजारी बसतो. मुलं गोल मोजतात आणि आम्ही मनातल्या मनात पगार मोजतो.

तर आजचा प्रश्न असा. एका संघात अकरा जण. सगळ्यांचा शर्ट एक, मैदान एक, नव्वद मिनिटं तीच. मग पुढे खेळणाऱ्याला भरमसाट पैसे आणि गोलात उभा राहणाऱ्याला त्याहून कितीतरी कमी, असं का?

आम्हां सरकारी माणसांना हे आधी पचतच नाही. आमच्याकडे श्रेणी ठरली की पगार ठरला. माणूस बिदरला असो, हुबळीत असो की चामराजनगरला, मूळ पगार तोच. 1 ऑगस्ट 2024 पासून सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आपल्या राज्यात किमान मूळ वेतन 17,000 वरून 27,000 रुपये झालं, ते त्या श्रेणीतल्या सगळ्यांनाच. टेबलावर फायलींचा ढीग उपसणारा आणि त्याच्या शेजारी वर्तमानपत्र वाचणारा, दोघांनाही. याचे तोटे आपण जाणताच. पण 'तू कुठल्या जागेवर बसतोस' यावरून एकाच श्रेणीतल्या दोघांत दहापट फरक पडत नाही.

फुटबॉलमध्येही एके काळी साधारण असंच होतं. इंग्लंडच्या लीगमध्ये 1901 साली खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा घातली गेली, आठवड्याला 4 पौंड. ती वाढत वाढत शेवटी 20 पौंडांवर आली. म्हणजे गोलकीपर असो की इंग्लंडचा सर्वांत गाजलेला आघाडीवीर, 20 पौंडांच्या वर कोणालाच नाही. खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केली तेव्हा जानेवारी 1961 मध्ये ही मर्यादा उठली. त्याच वर्षी फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. क्लबचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे विनोदी नट होते. बंदी उठली तर हेन्सला 100 पौंड देईन, असं ते बोलून बसले होते आणि ते त्यांना पाळावं लागलं. आता लक्षात घ्या, हा हेन्स आघाडीच्या फळीत खेळणारा. बांध फुटल्यावर पाणी पहिल्यांदा तिकडेच वळलं.

आपल्याकडे हा बांध जरा वेगळा होता. त्याचं नाव नोकरी. रेल्वे, बँका, मुंबईच्या गिरण्या आणि कंपन्या, गोव्यातले खाण-उद्योग यांचे संघ असत आणि खेळाडूला मिळायची ती हजेरीपटावरची जागा. स्ट्रायकर कारकून, गोलकीपरही कारकून, श्रेणी तीच. आपल्या शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या. साळगावकर संघाचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी गोलकीपर म्हणून देशाचं कर्णधारपद भूषवलं आणि 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या जमान्यात खेळाडूचं मोल लाखांत आणि कोटींत जाहीर होत नव्हतं. पुढे 1996 मध्ये राष्ट्रीय लीग आली, 2007 मध्ये आय-लीग आणि 2014 मध्ये आयएसएल. हजेरीपट मागे पडला आणि करार पुढे आला.

फुटबॉलमधले करार सहसा गुप्त असतात. पण एकदा पडदा बाजूला झाला, तोही मुंबईत. 10 जुलै 2015 रोजी आयएसएलनं दहा भारतीय खेळाडूंचा उघड लिलाव केला. ते आकडे आम्ही जपून ठेवले आहेत, ऐका.

आघाडीचा सुनील छेत्री, मुंबई सिटीकडे, 1 कोटी 20 लाख. मधल्या फळीतला युजीनसन लिंगडोह, पुणे सिटीकडे, 1 कोटी 5 लाख. उजव्या बाजूचा बचावपटू रिनो अँटो, कोलकात्याकडे, 90 लाख. गोलकीपर करणजीत सिंग, चेन्नईकडे, 60 लाख. बघा, आघाडी, मधली फळी, बचाव, गोल, अशी पायरी उतरत जावी तसा आकडा उतरत गेला. जगभरचा सर्वसाधारण नियम या चार आकड्यांत आला.

पण आम्ही पगारपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याच लिलावात आघाडीच्या रॉबिन सिंगला 51 लाख मिळाले, म्हणजे गोलकीपरपेक्षा कमी. मधल्या बचावात खेळणाऱ्या अनस एडथोडिकाला 41 लाख, दहांत सर्वांत कमी. आणि रिनो अँटोची मूळ बोली होती फक्त साडेसतरा लाख, ती चढत चढत 90 लाखांवर गेली. दोन वर्षांनी, जुलै 2017 मध्ये, पुन्हा मुंबईतच खेळाडूंची निवड झाली. त्या वेळी सर्वांत वरच्या रकमेवर दोन नावं होती, 1 कोटी 10 लाख प्रत्येकी. एक लिंगडोह आणि दुसरा तोच अनस, जो दोन वर्षांपूर्वी तळाला होता. गोलकीपर सुब्रत पालला 87 लाख मिळाले. म्हणजे जागेला भाव आहे हे खरं, पण तो दगडावर कोरलेला नाही. मग तो ठरतो कसा?

आमच्या मते त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, तुमचं काम मोजता येतं का. दुसरी, तुमच्यासारखा दुसरा बाजारात मिळतो का.

मोजणीचं आधी सांगतो, आणि त्यासाठी कबड्डीकडे येतो, कारण ती आपल्या घरची. प्रो कबड्डीत लिलाव उघड असतो, त्यामुळे लपवाछपवी नाही. तिथेही बोलबाला चढाई करणाऱ्यांचाच. आपल्या सीमेवरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांना गेला आणि त्या हंगामातल्या चढायांच्या जोरावर 2019 मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. त्या वर्षीचा सर्वांत महाग खेळाडू चंदगडचा. पवन सेहरावत 2023 मध्ये 2 कोटी साडेसाठ लाखांवर गेला, तोही चढाईपटू. पण गंमत अशी, की या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो 2018 मध्ये इराणच्या फजल अत्राचलीनं, आणि तो डावा कोपरा सांभाळणारा, पकडी करणारा. दुसरा इराणी, मोहम्मदरेझा शादलूही मुख्यतः कोपऱ्यातलाच. 2023 मध्ये पुणेरी पलटणनं त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि पुणे जिंकलं. पुढच्या हंगामात हरियाणानं 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि हरियाणा जिंकलं. 2025 च्या लिलावात सर्वांत महाग तोच, 2 कोटी 23 लाख.

कबड्डीत हे का होऊ शकलं? कारण पकड केली की फलकावर गुण चढतो. चढाईचा गुण आणि पकडीचा गुण शेजारी-शेजारी दिसतो. फुटबॉलमध्ये बचावपटूनं गोलरेषेवरून चेंडू काढला तर फलकावर काय चढतं? काहीच नाही. शून्य होतं, ते शून्यच राहतं. त्याच्या कष्टाचं फळ म्हणजे काहीतरी न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीची पावती कोण फाडणार? आमच्या खात्यांत याचा अनुभव रोजचा. फुटलेली पाइपलाइन जोडणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. ती फुटू नये म्हणून वर्षभर व्हॉल्व्ह तपासणाऱ्याला कोणी ओळखत नाही.

आपलं धारवाड गाण्याचं गाव. मैफलीत गवयाची बिदागी मोठी आणि साथीदारांची लहान, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो. ठेका चुकला तर सगळी सभा तबलजीकडे वळून बघते, ठेका बरोबर असला तर वाहवा गवयाची. गोलकीपरचंही तसंच. पण झाकीर हुसेन यांच्यासारखे वादक झाले आणि लोक तबल्यासाठी तिकीट काढू लागले, तेव्हा तोही हिशोब बदलला. फुटबॉलमध्ये असा मान फार थोड्यांना मिळाला. सर्वोत्तम खेळाडूचा, बॅलन डी'ओर नावाचा पुरस्कार 1956 पासून आहे. तो आजवर एकाच गोलकीपरला मिळाला, सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनला, 1963 मध्ये.

आता दुसरी गोष्ट, दुर्मीळपणा. खेळाडू घेताना एक क्लब दुसऱ्याला जी किंमत मोजतो, ती पगाराहून वेगळी, पण बाजाराचा कल तिच्यातून कळतो. इटलीच्या बुफॉनला 2001 मध्ये युव्हेंटसनं घेतलं, सुमारे 5 कोटी 20 लाख युरोंना. गोलकीपरसाठीचा हा विक्रम सतरा वर्षं कोणी मोडला नाही. त्याच काळात एकूण विक्रम कुठे गेला? 2017 मध्ये आघाडीच्या नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले गेले. गोलकीपरला मागणी कमी, कारण संघात जागाच एक आणि ती एकदा भरली की दहा-दहा वर्षं भरलेलीच. मग 2018 उजाडलं. लिव्हरपूलनं जानेवारीत बचावपटू व्हॅन डाइकला साडेसात कोटी पौंड मोजून घेतलं आणि जुलैत गोलकीपर आलिसनला बुफॉनचा विक्रम मोडून घेतलं. थोड्याच दिवसांत चेल्सीनं केपा नावाच्या गोलकीपरसाठी 8 कोटी युरो मोजले. लिव्हरपूल 2019 मध्ये युरोपचं विजेतं झालं. क्लब आता संगणकावर प्रत्येक अडवणूक, प्रत्येक पास मोजतात. जे मोजलं जाऊ लागलं, त्याला भाव येऊ लागला.

इथपर्यंत हे सगळं गमतीचं वाटेल. पण आपल्या देशात या भावाचे परिणाम झाले आहेत आणि आज बोलायचं खरं कारण तेच आहे.

आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत. 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. क्लबच्या तिजोरीत पैसा मोजका. मालक काय करणार? जिथे गोल होतात तिथे परदेशी माणूस उभा करणार. गोलात मात्र बहुतेक वेळा आपलाच मुलगा, कारण परदेशी जागा तिथे खर्चायची नसते. 2014 पासून 2025 पर्यंत आयएसएलचे अकरा हंगाम झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्याचा 'गोल्डन बूट' अकराही वेळा परदेशी खेळाडूला मिळाला. त्यांत दोनदा एफसी गोवाचा कोरो. आय-लीगमध्येही गोव्याच्या डेम्पोनं 2011-12 चं विजेतेपद मिळवलं, तेव्हा 32 गोल करणारा रँटी मार्टिन्स नायजेरियाचा.

म्हणजे जगात ज्या जागेला सर्वांत जास्त पगार, त्याच जागेवर आपल्या मुलांना उभं राहायला मिळत नाही. जो आघाडीवर खेळत मोठा झाला, त्याला क्लबमध्ये आल्यावर कडेला सरकवतात. याचा हिशोब देशाला चुकवावा लागला. सुनील छेत्रीनं 6 जून 2024 रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. गोल करणारा दुसरा कोणी सापडेना. मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत यावं लागलं आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं गोल केला. टाळ्या वाजल्या, आम्हीही वाजवल्या. पण दीडशे कोटींच्या देशात निवृत्त माणसाला पुन्हा बोलवावं लागलं, हे आमच्या खात्यातल्यासारखंच झालं. जागा भरायची नाही आणि निवृत्ताला मुदतवाढ द्यायची!

आणि 2025 चा जुलै तर सगळ्यांनाच धडा देऊन गेला. फेडरेशन आणि त्या वेळी आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार त्या डिसेंबरात संपणार होता. त्याचं पुढे काय, ते ठरलं नाही म्हणून नवा हंगाम थांबवून ठेवला. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्या बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघातल्या सगळ्यांचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यात छेत्रीही आला, बदली गोलकीपरही आला आणि संघासोबतचे कर्मचारीही. आघाडी, मधली फळी, बचाव, गोल, सगळे एका ओळीत आले. श्रेणी एकच, शून्य. महिनाअखेरीला पगार जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येणं ही काय चीज आहे, हे आम्हां सरकारी लोकांना त्या दिवशी नव्यानं कळलं.

मग आपल्या मुला-नातवंडांना काय सांगायचं? नेहरू मैदानावर, शाळेच्या आवारात, गल्लीत दोन दगड ठेवून मुलं खेळतात. संघ पाडताना काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. धावणारा पुढे, जरा जाडगेला असेल तो गोलात. पालकही मैदानाच्या कडेनं ओरडतात, 'अरे, पुढे जा, पुढे जा!' मुलगा गोलात उभा राहतो म्हटलं की घरी चेहरे पडतात. पैशाच्या बाजूनं पाहिलं तरी हे खरं नाही. आघाडीवीराचे पाय साधारण पस्तिशीत थकतात. गोलकीपर टिकतो. इटलीचा डिनो झॉफ 1982 मध्ये चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला आणि बुफॉन 2023 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. पगार दरमहाचा बघायचा की एकूण नोकरीचा, हे आम्हांला विचारा!

पण जागा निवडताना पगाराचा तक्ता समोर ठेवूच नका, असं आमचं सांगणं आहे. अनसचं उदाहरण पाहिलंत, दोन वर्षांत तळाचा वर गेला. दहा वर्षांच्या मुलाची जागा आजच्या भावावरून ठरवली, तर तो वीस वर्षांचा होईपर्यंत तो भाव राहील याची खात्री कोण देणार? लहान वयात सगळ्या जागांवर खेळू द्या. एक महिना गोलात, एक महिना पुढे. गोलात उभा राहिलेला मुलगा सगळं मैदान समोर बघतो आणि ते पुढे कुठेही उपयोगी पडतं. आणि शिक्षण सोडायचं नाही, हे आम्ही सांगायला नकोच. 2025 च्या ऑगस्टनं ते सांगितलंच आहे.

शेवटी आपल्याच एका मुलाची गोष्ट सांगतो. मुंबईचा राहुल भेके, मराठी मुलगा, बचावपटू. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत आयएसएलचा अंतिम सामना झाला, आपलं बेंगळुरू विरुद्ध शेजारचं गोवा. गोव्याकडे त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा कोरो, बेंगळुरूकडे छेत्री. नव्वद मिनिटं झाली, जादा वेळ संपत आला, गोल नाही. 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला भेकेनं डोकं लावलं आणि बेंगळुरू 1-0 नं जिंकलं. त्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला, कारण त्यानं गोल केला. पण त्याआधीची 116 मिनिटं कोरोला गोल करू दिला नाही, ते कामही त्याचं आणि त्याच्या सोबत्यांचंच होतं. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती आहे. उत्सवात आपण मुलांचे सामने घेतो. सर्वाधिक गोल करणाऱ्याला करंडक देतो, तो जरूर द्या. यंदापासून उत्कृष्ट गोलकीपर आणि उत्कृष्ट बचावपटू अशी आणखी दोन बक्षिसं ठेवा. करंडक तेवढ्याच उंचीचे असावेत, दोन बोटंसुद्धा कमी नकोत. त्यासाठी प्रत्येक सामन्यात कडेला वही घेऊन कोणीतरी बसावं लागेल. किती चेंडू अडवले, किती काढले, याची नोंद ठेवावी लागेल. ते काम आम्ही करू, आम्हांला नोंदी ठेवायची सवय आहे. आणि दोन्ही करंडकांचा खर्च आमच्या पगारातून.

मागच्या रांगेतली मंडळी आता फारच चुळबुळ करत आहेत. प्रसादाला धारवाडी पेढा आहे, असं कानावर आलं आहे. 

गणपती बाप्पा मोरया!